टाक्याचं दार

डोंगरावरच्या त्या चार महिन्यांबद्दल मी आजवर जे जे सांगितलं आहे ते खरं आहे, पण अर्धंच आहे. दुबईत कोणाकडे जेवायला गेलो, गप्पा रंगल्या, की कोणीतरी म्हणतंच, “शुभा, तुझं ते डोंगरावरचं सांग ना.” मग मी धुक्याचं सांगते, सकाळी बादलीतल्या पाण्यावर धरलेल्या बर्फाच्या पातळ सायीचं सांगते, पत्र्याच्या खोलीत दोन स्वेटर घालून पत्ते खेळणाऱ्या आईबाबांचं सांगते. लोकांना गंमत वाटते. अमिरातीत बर्फ आणि जवाची शेतं? माझी नात तर सरळ म्हणते, “आज्जी, यू आर मेकिंग इट अप.” मी रचून काही सांगत नाही. गाळून मात्र सांगते. गाळलेलं ते आज लिहायला घेतलं आहे. साठी उलटली, आई गेली, बाबा गेले. आता कोणाचा मान राखायचा म्हणून गप्प बसायचं, असं कारणही उरलेलं नाही.

मी तेरा वर्षांची होते. रास अल खैमाच्या मागे जे उघडे, करड्या रंगाचे डोंगर उभे आहेत त्यांच्या अगदी माथ्यावर एका कंपनीचं टॉवर उभारायचं काम चाललं होतं आणि बाबा तिथले साइट इंजिनियर होते. ते आठवडाभर वर असत आणि शुक्रवारी खाली येत. आई आणि मी गावातल्या फ्लॅटमध्ये. त्या वर्षी मला टायफॉइड झाला आणि उलटला. दीड महिना अंथरुणात गेला, शाळेचं वर्ष हातचं गेलं आणि उठून बसले तेव्हा केस मुठीमुठीने उशीवर राहायला लागले. शेवटी आईने कात्री घेऊन उरलेले सगळे कापून टाकले. वर्गातली एक मैत्रीण तिच्या आईबरोबर भेटायला आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. ती हसली की घाबरली ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्यानंतर मी दार उघडायला जाणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा द्या. आई म्हणाली, इथे चार भिंतींत बसून ही पोर वेडी होईल. बाबांनी मॅनेजरची परवानगी काढली आणि नोव्हेंबरच्या शेवटी, दोन ट्रंका, गॅसची शेगडी आणि आईचा पोळपाट घेऊन आम्ही वर गेलो.

आता तिथे जायला गुळगुळीत रस्ता आहे. थंडीत दुबईची निम्मी माणसं तिथे जॅकेटं घालून फोटो काढायला जातात. तेव्हा नुसती बुलडोझरने खरवडलेली वाट होती आणि आमची लँडरोव्हर तीवरून तीन तास चढत होती. खाली खजुराची झाडं, मग काटेरी बाभळी, मग नुसता दगड. मला वाटलं वर सुळका असेल, आम्ही त्याच्या टोकावर बसणार. पण शेवटचं वळण संपलं आणि समोर सपाट माळ पसरला. डोंगराच्या डोक्यावरचं पठार. गुडघ्याएवढी करडी झुडपं, दगडांच्या फटीतून आलेलं पिवळं गवत, आणि एवढा वारा की आईचा पदर गाडीच्या आरशात अडकला. लांब कुठेतरी दगडी बांधांच्या आत चिमुकली शेतं होती, त्यात वीतभर हिरवं उगवलेलं. घरं मला आधी दिसलीच नाहीत. ती अर्धी जमिनीत पुरलेली, त्याच दगडांची, कमरेएवढ्या दारांची होती. आत माणसापेक्षा मोठे रांजण असत, आणि ते दारातून जात नसल्यामुळे आधी रांजण आणि मग भोवती घर असं बांधायची तिथली रीत होती. डोंगरातले लोक उन्हाळ्यात खाली खजुराच्या बागांत उतरत आणि पावसाच्या आशेवर हिवाळ्यात वर येत. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक घरांना कुलपं होती. सरकारने खाली नवी पक्की घरं दिली होती, आणि वर यायची कोणाला हौस उरली नव्हती.

कॅम्प म्हणजे तीन पोर्टाकॅबिन, कामगारांसाठी लांबलचक पत्र्याची शेड, एक जनरेटर आणि पाण्याची टाकी. जनरेटर दिवसभर घरघरत असे, आणि तो दुपारी तासभर बंद झाला की शांतता अंगावर यायची. मग एकेक आवाज सुटे होत: पत्र्यावर आपटणारी सैल पट्टी, आईचं लाटणं, खूप लांबून शेळ्यांना घातलेली साद. आईने त्या डब्यात संसार मांडला. मला मऊ भात, मुगाचं वरण, लिंबाचं लोणचं; बाबांना भाकरी. पाणी टँकरने खालून येई, आठवड्यातून दोनदा, आणि ते मचूळ होतं. डाळ शिजत नसे. साबणाला फेस येत नसे. माणशी दोन बादल्या, त्यात सगळं.

पहिल्याच आठवड्यात दारात एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा, काटकुळा, डोक्याला चौकड्यांचा रुमाल, हातात छोटा कॅन. “वयनी, गोड्या पाण्याची डाळ शिजात,” म्हणाला, आणि कॅन उंबऱ्यावर ठेवून मागे सरला. तो दत्ताराम. देवगड तालुक्यातला. बाबांच्या साइटवर पाया खणायला आणि दगड रचायला असलेल्या माणसांतला एकटाच मराठी. आईने त्याला चहा दिला, पण आमच्या कपातून नाही. दाराबाहेर एक निळा प्लॅस्टिकचा मग ठेवला होता, त्यातून. तो मग त्याचाच झाला. पुण्यात वाढलेली माझी आई वाईट नव्हती. तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि मलाही तेव्हा दिसलं नाही.

मी त्याला दत्तारामकाका म्हणे, तो मला बाय. दिवसभर मोकळी असल्यामुळे मी त्याच्या मागे मागे फिरू लागले. कॅम्पमध्ये मी बोलू शकेन असं दुसरं कोणी नव्हतंच, आणि त्याने माझ्या डोक्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तो माळाकडे बघून म्हणायचा, “ह्यो आमचो सडोच गो बाय. पावसात थय फुलां येतत, हय येनत नाय, एवढोच फरक.” सडा म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं: डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सपाट माळ, वर नांगर चालत नाही, खाली खणलं की दगडच लागतो, पण पावसाळा संपता संपता एका रात्रीत तो निळा-जांभळा होतो. तिथे त्याचं घर होतं, गुरं होती आणि एक मुलगी होती. “तुझ्याएवढांच चेडू. शाळेत जाता. हुशार आसा.” दुपारच्या सुट्टीत तो शेडच्या मागे दगडांच्या चुलीवर सुकट भाजे. मला तो वास पोर्टाकॅबिनमध्ये यायचा आणि आई खिडकी लावून घ्यायची. मी मागच्या बाजूने जाऊन त्याच्या ताटलीतली सुकट खात असे आणि येताना बडीशेप चावत असे. टायफॉइडनंतर मला पहिल्यांदा भूक लागली ती त्या चुलीजवळ.

गोडं पाणी तो आणत होता ते उम्म राशिदच्या टाक्यातून. उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई, ही त्या माळावर त्या वर्षी राहिलेली एकटी बाई. नवरा गेलेला, मुलगा राशिद खाली पोलिसांत. त्याने नव्या घरात तिला खोली दिली होती, पण ती तीसेक शेळ्या घेऊन दर हिवाळ्यात वर यायची ती यायचीच. तोंडावर काळा बुरखा, पायात पुरुषी चपला, हातात चिमुकली कुऱ्हाड बसवलेली काठी. तिच्या घरामागे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. आपल्याकडे किल्ल्यांवर असतात तसं, पण वर दगडमातीचं छप्पर आणि बाजूला लाकडी दार. ती त्याला बिरका म्हणे. उतारावरचं पावसाचं पाणी दगडी पाटांतून त्यात उतरायचं, आणि ते तिला आणि शेळ्यांना वर्षभर पुरायचं. तिच्या शेताचा बांध ढासळला होता. दत्तारामकाकाने एका शुक्रवारी न विचारता तो रचायला घेतला, गावाकडे गडगा घालतात तसा, चुन्याशिवाय, दगडाला दगड बसवत. ती उभी राहून बघत होती. संध्याकाळी तिने त्याला टाक्याचं दार दाखवलं आणि एक बोट वर केलं: रोज एक कॅन. मलाही ती ओळखायला लागली. निखाऱ्यावरची जाड भाकरी, त्यावर तूप, आणि झुडपांची पानं घालून उकळलेला काळा चहा ती माझ्यापुढे ठेवी आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राही. आमची भाषा दहा-बारा शब्दांची. यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं, ताल म्हणजे ये, आणि हसणं. तेवढी पुरायची.

जानेवारीत माझे केस बोटभर झाले. मऊ, काळे, कुरळे. आधी कधी कुरळे नव्हते. पण टँकरच्या मचूळ पाण्याने ते चिकट होऊन डोक्याला बसायचे, त्यात सिमेंटची धूळ. माझ्याकडे मावशीने पाठवलेली शाम्पूची बाटली होती, ट्रंकेत तशीच ठेवलेली. फेब्रुवारीत मला खाली जायचं होतं, मला बघून तोंडावर हात घेतलेल्या त्याच मैत्रिणीच्या वाढदिवसाला, आणि मला तिच्या दारात केस वाऱ्यावर उडवत उभं राहायचं होतं. एवढंच होतं माझ्या मनात. मोठ्या अपराधामागे मोठं कारण असावं असं आपल्याला वाटतं. माझ्यामागे एवढंसं होतं.

एका दुपारी आई झोपली होती, उम्म राशिद शेळ्या घेऊन पलीकडच्या उतारावर गेली होती. मी बाटली आणि टॉवेल घेऊन टाक्यावर गेले. खिट्टी काढली, वाकून आत शिरले. तीन पायऱ्या, मग काळं, गार पाणी. मी शेवटच्या पायरीवर बसले आणि डब्याने पाणी डोक्यावर ओतलं. फेस आला. कित्येक महिन्यांनी हातात असा भरघोस पांढरा फेस आला होता, आणि मी तो पुन्हा पुन्हा करत राहिले. तो पायरीवरून पाण्यात उतरत होता हे मला दिसत होतं. बाहेर आले, केस पुसले, दार ओढलं आणि खिट्टी लावायला गेले, तर ती बसेना. लाकूड फुगलेलं होतं, हात बुळबुळीत होते. दोनदा ढकलली. तेवढ्यात जवळून उम्म राशिदची साद ऐकू आली. ती परत येत होती. मी खिट्टी तशीच टाकली आणि बांधामागून वाकून पळाले. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की दार लावायला मी विसरले. मी विसरले नव्हते. सापडू नये म्हणून मी ते तसं सोडलं.

संध्याकाळी आईने तेल लावायला मला जवळ घेतलं. तिचा हात डोक्यावर आला आणि थांबला. तिने नाक खाली आणलं. “छान मऊ झालेत,” एवढंच ती म्हणाली आणि तेलाची बाटली न उघडताच बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून आवाज आला. शेळ्यांना घालायची ती साद नव्हती. शेडमधली माणसं धावली, बाबा धावले, मीही गेले. टाक्याचं दार वाऱ्याने उघडं पडलं होतं. पाण्याच्या वासाने शेळ्या आत गेल्या होत्या आणि दोघी पायऱ्यांवरून घसरून बुडाल्या होत्या. त्यातली एक गाभण होती. दत्तारामकाका आणि आणखी एक जण पाण्यात उतरून त्यांना वर काढत होते. उम्म राशिद ओरडायची थांबली होती. ती गाभण शेळीजवळ बसली आणि हाताने तिच्या अंगावरचं पाणी निपटत राहिली, पुन्हा पुन्हा, जणू ती कोरडी झाली की उठेल. मग तिने टाक्यात बघितलं आणि अरबीत काहीतरी म्हटलं. आमचा ड्रायव्हर पठाण होता, त्याला अरबी येत असे. तो बाबांना म्हणाला, “बोलती है, साल का पानी गया.”

दोन दिवसांनी राशिद वर आला, पोलिसांच्या गणवेशात. त्याच्यामागून खालच्या ऑफिसातला मॅनेजर आला. तो माणूस भला होता, हे मला सांगायलाच हवं. त्याने उम्म राशिदसमोर मान खाली घालून माफी मागितली, पाणी आणि शेळ्या दोन्ही भरून देतो म्हणाला. पण राशिदला नाव हवं होतं. दार कोणी उघडं टाकलं? त्याच्या वडिलांनी, आजोबांनी सांभाळलेलं टाकं होतं, आणि ही जमीन त्यांची होती. ते नको म्हणाले असते तर कॅम्प दुसऱ्या दिवशी उठला असता. ऑफिसच्या पोर्टाकॅबिनबाहेर सगळे उभे होते. टाक्यावर जायची परवानगी कोणाला होती, मॅनेजरने विचारलं. बाबांना सांगावंच लागलं: दत्तारामला.

दत्तारामकाका पुढे आला. रुमाल डोक्यावरून काढून हातात घेतला. “साब, मैंने दरवाजा बंद किया था. रोज करता है.” बाबांनी ते इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर म्हणाला, कोणी पाहिलं का? तेव्हा दत्तारामकाका वळला. माणसांच्या मागे, आईच्या शेजारी, स्कार्फ बांधून मी उभी होते. तो माझ्याकडे बघून हसला आणि बाबांना म्हणाला, “बाय को पूछो साब. बाय को सब मालूम है.”

मॅनेजर माझ्यासमोर येऊन खाली वाकला आणि मृदू आवाजात इंग्रजीत म्हणाला, घाबरू नकोस, जे पाहिलंस तेवढंच सांग. त्याक्षणी आईचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात ना दाबत होता ना सोडत होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. मग मी दत्तारामकाकाकडे पाहिलं आणि मला आठवलं की त्याला इंग्रजी येत नाही.

“ही लेफ्ट इट ओपन,” मी म्हणाले. “आय सॉ हिम. ही वॉज इन अ हरी.” दार त्याने उघडं टाकलं, मी पाहिलं, तो घाईत होता. शाळेतल्या धड्यासारखे स्वच्छ, सुटे शब्द. आणि मी बोलत असताना दत्तारामकाका मान डोलवत होता. बरोबर, बरोबर, अशी. प्रत्येक शब्दाला. माझं बोलून झालं तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि रुमाल पुन्हा डोक्याला बांधायला घेतला.

ड्रायव्हरने राशिदला अरबीत सांगितलं. राशिदने दत्तारामकाकाकडे बोट केलं. दत्तारामकाकाचे हात रुमालावर तसेच राहिले. “क्या बोला बाय ने?” त्याने बाबांना विचारलं. बाबांनी नजर ड्रायव्हरकडे वळवली. ड्रायव्हरने सांगितलं. मग दत्तारामकाका माझ्याकडे पाहत राहिला, आणि मी माझ्या चपलांकडे.

व्हिसा कॅन्सल, खलास. मॅनेजरने दोन वाक्यांत संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप दत्तारामकाकाला खाली नेणार होती. त्या सकाळी मी खोलीत पडून होते. दार वाजलं आणि आई बाहेर गेली, पण तो म्हणाला, “वयनी, बायशी बोलूचा आसा.” मी उठून दारात आले. त्याची पेटी पिकअपमध्ये चढवलेली होती. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. मी शिव्यांची वाट बघत होते. तो उंबऱ्यापासून नेहमीच्या अंतरावर उभा होता. माझ्या डोक्याकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“केस सुकले काय गो?” त्याने विचारलं.

आणि तो गाडीत जाऊन बसला. मी टाक्यात केस धुतले त्या दुपारी, सुट्टीत, तो उम्म राशिदच्या शेताच्या वरच्या बांधावर दगड बसवत होता. तिथून टाक्याची वाट सरळ दिसते, हे मी नंतर जाऊन पाहिलं. त्याने मला बघितलं होतं. बाटली, टॉवेल, ओले केस, पळणं, सगळं. पण दाराकडे जायला त्याला उशीर झाला असेल, किंवा मी ते लावलं असं त्याला वाटलं असेल. मॅनेजरसमोर ते दोन शब्दांत सांगून तो मोकळा झाला असता. तो मला वाचवत होता असं मी बरीच वर्षं मानलं, कारण त्यात मला थोडी ऊब होती. तसं नव्हतं. मी स्वतः सांगेन अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने ते माझ्यावर सोडलं. बाय को सब मालूम है.

कंपनीने टँकर पाठवून टाकं भरलं. उम्म राशिदने ते पाणी शेळ्यांना पाजून पाहिलं, त्यांनी तोंड फिरवलं. त्या हिवाळ्यात पुन्हा पाऊस झाला नाही. जव पिवळे पडले आणि महिन्याभरात राशिद ट्रक घेऊन आला. शेळ्या चढवताना मी तिथे होते. तिने माझ्या हातात कापडात गुंडाळलेली गरम भाकरी दिली, गाल थोपटला. ट्रक वळणाआड गेल्यावर मी ती भाकरी दगडामागे ठेवली. खाववली नाही, आणि टाकून देतानाही कोणी बघत नाही ना हे आधी पाहिलं. ती पुन्हा कधी वर आली नाही, असं बाबांनी पुढच्या वर्षी सांगितलं.

वाढदिवसाला मी गेले. केस सगळ्यांना आवडले.

घरात या विषयावर कोणी बोललं नाही. बाबांनी त्या टॉवरनंतर डोंगरातलं काम घेतलं नाही, अल ऐनला बदली मागून घेतली. त्यांना किती कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही. आईला सगळं कळलं होतं. अगदी शेवटच्या आजारात, मी तिचे पाय चेपत बसले होते तेव्हा ती म्हणाली, “मी तेव्हाच बोलायला हवं होतं गं. तुझी शाळा, ह्यांची नोकरी, काय काय मनात आलं.” मी म्हणाले, “जाऊ दे आई.” तिने माझ्याकडे माफी मागितली, आणि मी ती देऊन टाकली, जणू ती द्यायचा हक्क माझा होता.

आणि आता शेवटचं, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, मुलं लहान असताना, सुट्टीत आम्ही देवगडच्या बाजूला गेलो होतो. दत्तारामकाकाच्या गावाचं नाव त्याच्या तोंडून इतकेदा ऐकलं होतं की ते विसरणं शक्य नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, बाबांच्या ओळखीचे एक जण इथे राहतात, पाच मिनिटं भेटून येते. गाडी सड्यावर चढली. त्याने सांगितलं होतं तसंच होतं सगळं. उन्हापावसाने काळा पडलेला जांभा, आणि त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत निळी-जांभळी फुलं. मुलं मागे झोपली होती. नवरा गाडीत थांबला आणि मी घराकडे गेले.

ओटीवर माझ्याच वयाची एक बाई काजूच्या बिया निवडत होती. लग्न होऊन जवळच दिलेली, बापाकडे बघायला येऊन-जाऊन असणारी. मी म्हणाले, माझे बाबा आणि तुमचे बाबा दुबईकडे एका साइटवर होते. तिने लगबगीने चटई टाकली. “बाबा गुरां घेवन गेलेत सड्यार. येतले आता. बसा, चाय ठेवतंय.” चहा स्टीलच्या चकचकीत पेल्यात आला, पाहुण्यांसाठीच्या. ती बोलत राहिली. बाबा तिकडून अचानक परत आले तेव्हा ती सातवीत होती. पुढची शाळा तालुक्याला होती, ती मग राहिली. आई आंब्याच्या बागांत मजुरीला जायला लागली. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. घरात काय काय झालं ते सांगतात तसं सांगितलं. मग एकदम थांबून तिने माझ्याकडे निरखून बघितलं.

“म्हंजे तुमी ती बाय काय?”

“कोण बाय?”

“बाबा सांगत ना. थय एक बाय होती म्हणान. माझ्याएवढी, आजारातून उठलेली. चोरून सुकट खायची. अजून काढतत तिची आठवण.”

“आणखी काय सांगतात?” मी विचारलं.

“आणि काय? हुशार होती म्हणतत. फाडफाड इंग्लिश बोलायची.”

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, नुसतं कुतूहल. त्याने घरी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत, बायकोला नाही, शाळा सुटलेल्या पोरीला नाही.

“नाही,” मी म्हणाले. “ती मी नव्हे. दुसऱ्या इंजिनियरची मुलगी असेल.”

“ते बगा, इलेच,” ती म्हणाली.

सड्यावर आडोसा कसलाच नाही. लांब, फुलांच्या पलीकडच्या टोकाला चार गुरं आणि त्यांच्यामागे एक काटकुळा माणूस दिसला. तिथून ओटीपर्यंत यायला त्याला निदान पाव तास लागणार होता. त्या पाव तासातली पाच मिनिटं मी बसले. चहा संपवला. मग उठले, मुलं उठतील म्हणाले, पुन्हा येईन म्हणाले. तिने थांबायचा आग्रह केला, मुलांसाठी मूठभर काजू हातात कोंबले. मी चालत नव्हते, जवळजवळ धावत होते.

“भेटले का?” नवऱ्याने विचारलं.

“नाही, घरी नव्हते.”

गाडी वळवायला तिथे जागा कमी होती, त्याला दोनदा मागेपुढे करावं लागलं. तेवढ्यात तो गडग्यापर्यंत पोचला. मुलगी त्याला हाताने आमची गाडी दाखवत काहीतरी सांगत होती. त्याने कपाळावर हात धरून बघितलं, कोण ते ओळखायचा प्रयत्न करत असावा. मग घरी येऊन न भेटता निघालेल्या कोणत्याही पाहुण्याला करतात तसा त्याने हात वर केला. मी काच वर घेतली.